अंगणवाडीची किल्ली कोणाकडे?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावासाठी बोलावलेल्या बैठकीत अंगणवाडीवर भाषण आहे हे कळल्यावर काही मंडळी तंबाखू मळायला बाहेर गेली. हा बायकांचा विषय, त्यांच्या बैठकीत घ्या, असेही एका भावाने आम्हाला सांगितले. आमचे म्हणणे असे, की हा कापसाचाच विषय आहे. कसा ते सांगतो.

बोंडे फुटायला लागली की वेचणी सुरू होते, ती संक्रांतीच्या पुढेमागेपर्यंत चालते. वेचणी किलोवर असते, म्हणून बाई सकाळी आठच्या आत शेतात पोचते आणि वजन करूनच घरी येते. घरचेच शेत असले तरी ती मजुराच्या बरोबरीने राबते, फक्त तिला वजनाचे पैसे मिळत नाहीत. या काळात तिचे दोन-तीन वर्षांचे लेकरू कुठे असते? बांधावरच्या बाभळीला बांधलेल्या झोळीत, नाहीतर घरी सात वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. ती बहीण त्या दिवशी शाळेत नसते. आम्ही कृषी विद्यापीठात शिकलो तेव्हा एकरी उत्पादन खर्चाचे तक्ते पाठ केले होते. बियाणे, खत, फवारणी, बैलजोडी, मजुरी, जमिनीचा खंड, भांडवलावरचे व्याज, सगळ्याला रकाना होता. झोळीतल्या लेकराला आणि शाळा बुडवणाऱ्या पोरीला त्या तक्त्यात रकाना नव्हता, आजही नाही.

गावात अंगणवाडी आहे. ती सकाळी चारेक तास चालते. उघडते तेव्हा आई शेतात पोचलेली असते, बंद होते तेव्हा निम्मी ओळ वेचायची राहिलेली असते. वेचणीचे तीन महिने तिची वेळ बदला, एवढी साधी मागणी एका गावातल्या बायकांनी केली. सेविका म्हणाली, माझ्या हातात नाही, मुख्यसेविकेला विचारा. मुख्यसेविकेने प्रकल्प कार्यालय दाखवले. प्रकल्प कार्यालय म्हणाले, वेळ वरून ठरते. मग बायका सरपंचाकडे गेल्या. सरपंच चांगला माणूस होता. म्हणाला, बाई, इमारतीला रंग द्यायचा असेल तर सांगा, तेवढे माझ्याकडे आहे.

म्हणजे भिंत पंचायतीची, बाई प्रकल्पाची, धान्य दिल्लीचे, वेळ मुंबईची आणि लेकरू तेवढे आपले. सत्ता विकेंद्रित झाली, पंचायतराज आले, असे आपण ऐकतो. या चार भिंतींत ते किती आले, हे पाहायला आम्ही काही कार्यकर्ते भिवंडीला गेलो.

भिवंडीच का? आपल्या कापसाची सरकी निघते, गाठ होते, गिरणीत सूत होते, आणि त्या सुताचे कापड विणणाऱ्या देशातल्या सर्वात मोठ्या यंत्रमाग गावांपैकी एक म्हणजे भिवंडी. आपला माल जिथे जातो तिथे आपली माणसेही जातात. गोदामात हमाली करणारी, मालगाडी भरणारी, बांधकामावर राबणारी कोरडवाहू भागातली पोरे तिथे भेटतात. पण खरे कारण वेगळे आहे. लहान मुलांची सोय कोण पाहतो, याचे महाराष्ट्रात जितके प्रकार आहेत ते बहुतेक सगळे भिवंडी या एका तालुक्यात, तासाभराच्या अंतरात दिसतात. शहरात महानगरपालिका आहे. शहराला लागून महामार्गाच्या कडेने गोदामांची गावे आहेत. तानसा नदीकडे, गणेशपुरी-वज्रेश्वरीच्या बाजूला कातकरी, वारली, मल्हार कोळी यांचे पाडे आहेत आणि त्यातली काही गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. आणि मध्ये पसरलेल्या आहेत वीटभट्ट्या, ज्या दिवाळीनंतर पेटतात आणि पावसाच्या तोंडावर विझतात.

पुढे जाण्याआधी जुनी गोष्ट सांगायला हवी, कारण अंगणवाडी हा शब्दच या जुन्या ठाणे जिल्ह्यातला आहे. १९२६ साली गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी नूतन बालशिक्षण संघ काढला. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आज ही दोन्ही गावे पालघर जिल्ह्यात आहेत, तो २०१४ साली ठाण्यातून वेगळा झाला. ताराबाईंनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी पाहिले, की आदिवासी पोर बालवाडीच्या खोलीत येत नाही. मग त्यांनी बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणातली म्हणून अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली, तिचे नाव कुरणशाळा. खेळणी कशाची? शिंपले, बिया, पाने, माती. वेळ कोणती? पोर मोकळे असेल ती. साहेबाची मंजुरी लागत नव्हती, कारण मधे साहेबच नव्हता. आम्ही जुन्या काळाचे गोडवे गात नाही. हे काम दोन-चार जिद्दी बायांच्या बळावर चालले होते आणि सगळ्या राज्याला पुरणारे नव्हते. पण मुलाच्या सोयीने वेळ आणि जागा ठरवायची, ही त्यातली मुख्य गोष्ट.

मग २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना आणली. देशभर ३३ ठिकाणी सुरुवात झाली, आपल्या राज्यात मुंबईची धारावी आणि मेळघाटातले धारणी. योजनेने शब्द उचलला, अंगणवाडी. अंगण मात्र दिल्लीला गेले. किती लोकवस्तीला किती केंद्रे, किती उष्मांक, किती रुपये, कोणती वही, सगळे तिथे ठरू लागले. याचा फायदा झाला नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. आज राज्यात एक लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत. लस टोचली जाते, वजन होते, बाळंतिणीची नोंद होते. तेवढ्या बालवाड्या कुठल्याही संस्थेने काढल्या नसत्या.

आता भिवंडीकडे येऊ.

१९९२ साली संसदेने दोन घटनादुरुस्त्या केल्या आणि १९९३ मध्ये त्या अमलात आल्या. ७३ वी गावासाठी, ७४ वी शहरासाठी. गावच्या संस्थांना द्यायच्या विषयांची यादी अकराव्या अनुसूचीत आहे, त्यात २९ विषय आहेत आणि पंचविसावा विषय ‘महिला व बालविकास’ असा स्पष्ट लिहिला आहे. शहरांची यादी बाराव्या अनुसूचीत आहे, १८ विषयांची. त्यात नगररचना आहे, पाणी आहे, दिवाबत्ती आहे, स्मशानभूमी आहे, कोंडवाडासुद्धा आहे. बालविकास या नावाचा विषय नाही. घटना लिहिणाऱ्यांना शहरात भटकी गुरे दिसली, लहान मुले दिसली नाहीत.

याचा परिणाम असा, की भिवंडी तालुक्यातल्या खेड्यांतल्या अंगणवाड्या जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाकडे आहेत, तर शहरातल्या अंगणवाड्या राज्याच्या बालविकास आयुक्तालयाच्या थेट हाताखाली. राज्यात असे ५५३ प्रकल्प आहेत, त्यात १०४ नागरी. शहरात यंत्रमाग कामगार दाटीने राहतो. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सात लाखांवर होती. घरात कुणी उर्दू बोलतो, कुणी हिंदी, कुणी तेलुगू, कुणी मराठी. बाप बारा तासांची पाळी करतो, आई घरी बसून धागे तोडण्याचे नाहीतर कपडे शिवण्याचे काम करते. इथल्या अंगणवाड्या बहुतेक भाड्याच्या खोलीत. सरकार देते त्या भाड्यात जी खोली मिळते ती कशी असणार, हे तुम्ही ओळखाल. आणि आईने तक्रार कोणाकडे करायची? नगरसेवक म्हणतो हे खाते पालिकेचे नाही. पालिकेला शाळा आहेत, दवाखाने आहेत, महिला व बालकल्याण समितीही आहे, पण अंगणवाडीवर तिची सत्ता नाही. पहिलीत येणारे मूल पालिकेचे, त्याच्या आदल्या वर्षीचे तेच मूल सरकारचे.

खेड्यांना निदान जिल्हा परिषद आहे. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असा नियम आहे. ग्रामपंचायतीलाही तसाच दहा टक्क्यांचा नियम आहे. ऐकायला छान. पण दहा टक्के कशाचे? राहनाळ, काल्हेर, पूर्णा या गोदामांच्या पट्ट्यात भातखाचरांच्या जागी पत्र्याची गोदामे उभी राहिली आणि त्यांच्यावर घरपट्टी बसते. तिथल्या दहा टक्क्यांत अंगणवाडीला फरशी बसते, पंखा लागतो, पाण्याची टाकी होते. त्याच तालुक्यात पाड्यांची ग्रामपंचायत आहे, जिथे घरपट्टी कुडाच्या घरांवर आहे. तिथले दहा टक्के म्हणजे दोन सतरंज्या. नियम एकच, तालुका एकच, पोरांचे नशीब मात्र गोदामावर ठरते. आपल्या कापूस-ज्वारीच्या गावात तर गोदामही नाही. त्यामुळे अधिकार गावाला द्या एवढेच म्हणून थांबणाऱ्यांशी आमचे जमत नाही. पैशाशिवाय दिलेला अधिकार म्हणजे बैल न देता दिलेले वखर.

पाड्यांच्या बाजूने एक चांगली गोष्ट झाली तीही सांगतो. १९९६ साली अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा, म्हणजे पेसा, आला. महाराष्ट्राने त्याचे नियम करायला २०१४ साल उजाडवले. पण त्या नियमांत एक कलम मोलाचे आहे. एखाद्या पाड्याला आपण वेगळे गाव व्हावे असे वाटले, तर तो ठराव करून स्वतंत्र गाव म्हणून मान्यता मागू शकतो आणि स्वतःची ग्रामसभा भरवू शकतो. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी अशा ग्रामपंचायतींना थेट देण्याचा निर्णय झाला आणि तो कशावर खर्च करायचा हे ग्रामसभेने ठरवायचे आहे. त्याच वर्षी अमृत आहार योजना आली, गरोदर आणि स्तनदा मातेला एक वेळचे गरम जेवण, आणि त्याचा पैसा व स्वयंपाक स्थानिक आहार समितीच्या हाती दिला.

पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा का लागते, हे शेतकऱ्यांना वेगळे सांगायला नको. ग्रामपंचायत पाच वाड्यांची असते, सरपंच मोठ्या गावाचा असतो, आणि अंगणवाडी बांधायची वेळ आली की ती सरपंचाच्या घरापासून हाकेच्या अंतरावर बांधली जाते. मधे ओढा असतो. पावसाळ्यात तीन वर्षांचे पोर ओढा ओलांडत नाही. वहीत त्याचे नाव असते, पट पूर्ण दिसतो. आपल्याकडे ओढ्याच्या जागी वस्ती आणि वेस असते, एवढाच फरक. तांडा, पारधी बेडा, दलित वस्ती यांच्यातली मुले गावातल्या खोलीत येऊन बसतात की दाराशी डबा घेऊन परत जातात, हे आपापल्या गावात जाऊन एकदा बघा. गावाच्या हाती सत्ता म्हणजे गावातल्या कोणाच्या हाती, हा प्रश्न आपल्याला टाळता येणार नाही.

आणि या सगळ्यांच्या बाहेर आहे भट्टीवरचे पोर. कातकरी कुटुंब उचल घेऊन दिवाळीनंतर भट्टीवर येते, पाच-सहा महिने कुडाच्या भोंग्यात राहते. भोंगा म्हणजे त्यांची तात्पुरती झोपडी. विधायक संसद या संस्थेने ठाणे जिल्ह्यात भट्ट्यांवर याच नावाच्या भोंगा शाळा चालवल्या होत्या. भट्टी ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत, ती म्हणते ही आमची माणसे नाहीत, यांचे मतदान तिकडे. मूळ गावची अंगणवाडी म्हणते पोर बाहेरगावी गेले. नियम पाहिला तर स्थलांतरित मुलाला जवळच्या अंगणवाडीत दाखल करता येते आणि २०२१ पासून राज्याने अशा कुटुंबांची नोंद ठेवण्याची संगणकी पद्धतही आणली. पण भट्टी रस्त्यापासून आत, जवळची अंगणवाडी दोन-तीन किलोमीटरवर, आणि आई पहाटेपासून चिखलात. अशा ठिकाणी केंद्र मुलाकडे गेले पाहिजे, जसे ते एकदा कोसबाडला गेले होते. ते न्यायचे कोणी ठरवायचे? ग्रामपंचायतीला त्यात मत मिळत नाही म्हणून रस नाही, आणि वरच्या कार्यालयाला भट्टी नकाशात दिसत नाही. आपल्यातले जे ऊसतोडीला, भट्टीवर, बांधकामावर जातात त्यांची पोरे याच खात्यात जमा आहेत.

आता धान्याचा विषय, ज्यासाठी ज्वारीवाले बसून आहेत.

तीन ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीत रोज ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने मिळावीत असा निकष होता. त्यासाठी २०१७ साली केंद्राने ठरवलेला दर मुलामागे दिवसाला ८ रुपये. हिशेब करून पाहू. २०२५-२६ च्या हंगामात संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,६९९ रुपये होता. म्हणजे शंभर ग्रॅम ज्वारी तीन रुपये सत्तर पैशांची. तीतून साधारण ३३० ते ३५० उष्मांक आणि दहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. तीस ग्रॅम डाळ घाला, साडेतीन रुपये धरा, तिचे शंभरेक उष्मांक आणि सहा-सात ग्रॅम प्रथिने. प्रथिने भरली, उष्मांक थोडे कमी, आणि शिल्लक राहिले ऐंशी पैसे. त्यात तेल, मीठ, भाजी, दळण, सरपण आणि रांधणाऱ्या बाईची मजुरी बसवून दाखवा. आम्हाला बसवता आली नाही. पण मुलाच्या पोटात काय जाऊ शकते आणि ते कुठल्या शेतातून येऊ शकते, हे त्यातून कळते.

मग ज्वारी का जात नाही? कारण अंगणवाडीसाठी केंद्राकडून गहू आणि तांदूळ नाममात्र दरात येतो. पंजाबच्या गव्हाशी तुमची ज्वारी त्या दारात भावावर स्पर्धा करूच शकत नाही. दुसरे कारण कंत्राट. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ रोजी सांगितले, की अंगणवाडीच्या आहारात कंत्राटदार नको, गावातले लोक, बचत गट, महिला मंडळे यांच्याकडे काम द्या. राज्यात त्यावर उत्तर असे निघाले, की कंत्राटदाराने महिला संस्थेचा पदर डोक्यावर घेतला. मोठ्या यंत्रांची अट घालायची, मोठ्या उलाढालीची अट घालायची, मग गावचा बचत गट आपोआप बाहेर. २०१६ साली काढलेल्या अशाच निविदा, सुमारे ६,३०० कोटी रुपयांच्या, २०१९ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवल्या, कारण त्यांच्या अटींत गावचे बचत गट बसूच शकत नव्हते. पंधरा वर्षे लागली, भावांनो. पंधरा वर्षांत अंगणवाडीतल्या पोराचे लग्नाचे वय जवळ येते.

ओडिशाने दुसरा रस्ता धरला. तिथे २०२० साली केंदुझर जिल्ह्यातल्या अंगणवाड्यांत नाचणीचे लाडू द्यायला सुरुवात झाली, आणि नाचणी स्थानिक शेतकऱ्यांची. नाचणीला जे जमते ते ज्वारीला का जमू नये? गावचा बचत गट, गावची ज्वारी, गावची चूल. मालाचा उठाव मोठा होईल असे आम्ही सांगत नाही. एका अंगणवाडीत तीस पोरे धरली तर दिवसाला तीन किलो, वर्षाला आठ-नऊ क्विंटल. एका शेतकऱ्याचे पीक झाले. पण जिल्ह्यात अशा हजारावर अंगणवाड्या असल्या, तर आकडा किती होतो ते तुम्हीच करा.

कुणी म्हणेल, जिल्हा परिषद आपली, समिती आपली, सभागृहात ठराव करून घेऊ. तर गेल्या काही वर्षांत काय झाले ते लक्षात ठेवा. २०२२ साली राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि निवडणुका न होता प्रशासक बसले. भिवंडीच्या महानगरपालिकेची मुदतही त्याच वर्षी संपली, तिथे २०२६ च्या जानेवारीत निवडणूक झाली. मधली वर्षे सदस्यच नव्हते, तर महिला व बालकल्याण समिती कुठली? त्या दहा टक्क्यांचे काय करायचे हे विचारणारे माणूसच सभागृहात नव्हते. शेवटी २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्यायला सांगितले. तीन वर्षांचे मूल सहा वर्षांचे झाले, त्याची अंगणवाडी संपली, आणि त्या सगळ्या काळात त्याच्या नावाने एकही निवडलेला माणूस बोलू शकला नाही.

याच काळात दुसऱ्या बाजूने दोरी आणखी आवळली. २०२१ साली पोषण ट्रॅकर नावाची मोबाइल नोंद आली. ती इंग्रजीत आणि फोन बिघाडाचे, म्हणून राज्यातल्या सेविकांनी त्या वर्षी फोन परत केले. २०२५ च्या जुलैपासून घरी न्यायच्या शिध्यासाठी चेहरा ओळखण्याची अट आली. ज्या गावात नेटवर्कसाठी टेकडीवर चढावे लागते तिथे बाळंतिणीचा चेहरा दिल्लीच्या यंत्राला ओळखायचा आहे. सेविका मात्र तिला तिच्या लग्नापासून ओळखते! चोरी थांबावी म्हणून हे केले म्हणतात. चोरी पोत्यांत झाली, पहारा वाटीवर बसला.

सेविकेबद्दल दोन शब्द. ती गावचीच असते आणि तिला पगार नव्हे, मानधन मिळते. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातल्या सेविका-मदतनिसांनी संप केला, तो जानेवारीच्या अखेरीपर्यंत चालला. आपल्यातल्या काहींनी तेव्हा नाके मुरडली. घामाचे दाम मागणाऱ्याने दुसऱ्याच्या घामाला मानधन म्हणू नये, एवढेच आम्ही तेव्हा म्हटले होते. तिची नेमणूक पूर्णपणे गावाकडे द्या असे मात्र आम्ही म्हणणार नाही. सरपंचाच्या सुनेची सोय, पुढाऱ्याच्या मेहुणीची सोय, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. निवडीचे निकष वरून ठरावेत, शिक्षण आणि गुण पाहिले जावेत, ते बरे. पण ती केंद्र किती वाजता उघडते, कुठे बसते, काय शिजवते, हे गावातल्या आयांनी ठरवावे. आम्ही रेघ इथे ओढतो.

हे स्वप्नरंजन नाही. केरळने १९९६ साली योजना खर्चातला ३५ ते ४० टक्के हिस्सा स्थानिक संस्थांच्या हाती दिला. अंगणवाड्या ग्रामपंचायतींकडे आल्या, आणि पंचायती आहारासाठी, इमारतीसाठी स्वतःचा पैसा घालतात. तिथे पैसा आणि अधिकार एकाच गाडीने गावात आले. शेजारच्या कर्नाटकाने २०२३ साली ग्रामपंचायतींमार्फत मजूर बायांच्या लहान मुलांसाठी ‘कूसिन मने’ म्हणजे बाळघरे काढायचे ठरवले, चार हजार ग्रामपंचायतींत. बेळगाव-बिदरकडची मराठी माणसे ती जाऊन पाहू शकतात. आपल्याकडे वेचणीच्या दिवसांत तसे बाळघर एका गावाने तरी काढावे.

आता हातात काय आहे ते सांगून थांबतो. सर्वोच्च न्यायालयाचा १३ डिसेंबर २००६ चा आदेश आहे. ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, त्या वस्तीने मागणी केली तर तीन महिन्यांत अंगणवाडी द्यावी लागते. याला मागेल त्याला अंगणवाडी असे म्हणा. मागणी लेखी हवी, मुलांची नावे हवीत, आणि पोच घ्यायला विसरू नका, कारण तीन महिने पोचेच्या तारखेपासून मोजायचे आहेत. तांड्यावर, बेड्यावर, शेतवस्तीवर आधी मोजणी करा. जी कुटुंबे भट्टीवर किंवा तोडीवर गेली आहेत त्यांची मुलेही लिहा, कुठे गेली ते शेजारी लिहा.

दुसरे, ग्रामपंचायतीच्या दहा टक्क्यांचा मागच्या तीन वर्षांचा हिशेब ग्रामसभेत मागा. किती जमा, किती खर्च, कशावर. शिलाई यंत्र वाटल्याचे फोटो पुष्कळ निघतील. वेचणीच्या काळात अंगणवाडीनंतर संध्याकाळपर्यंत मुले सांभाळायला गावातल्या एका बाईला मजुरी द्यायची, तर ती या पैशातून देता येते का, असा ठराव मांडा. वेळ वरून ठरते असे सांगतील. अंगणवाडीची वेळ वरून ठरते. तिच्या नंतरची वेळ कोणाच्या वहीत नाही.

हा ठराव महिला ग्रामसभेत आधी करून घ्यावा, म्हणजे मुख्य ग्रामसभेत तो बाजूला सारणे अवघड जाते. मोजणीसाठी तक्ते छापून आणले आहेत, चार रकान्यांचे: मुलाचे नाव, वय, वस्ती, आणि आई दिवसा कुठे असते. तक्ते मागच्या टेबलावर ठेवले आहेत. प्रत्येक गावाने दोन घ्यावेत, एक आपल्या वहीत ठेवायचा आणि एक पुढच्या बैठकीला भरून आणायचा.